चिमूटभर आयोडीनचा हिशेब

आपल्या रुग्णालयाच्या वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या पानांबरोबर एखादा आरोग्यविषयक अभ्यासलेख देण्याचा प्रघात आहे. यंदा आम्ही आयोडीन हा विषय निवडला आहे. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. रसायनशास्त्राशी आमची ओळख औषधभांडाराच्या बिलांपुरती. परंतु त्या बिलांत एकच नाव निरनिराळ्या रूपांत भेटू लागले, तेव्हा कुतूहल जागे झाले. शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेवर लावायचे तपकिरी पोव्हिडोन आयोडीन, सी.टी. स्कॅनच्या वेळी शिरेतून द्यावयाचे आयोडीनयुक्त द्रव्य आणि स्वयंपाकघराच्या यादीतील आयोडीनयुक्त मीठ! आमच्या डॉक्टरांनी याविषयी जे समजावून दिले, ते येथे वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जांभळ्या वाफेचा शोध

सन १८११. नेपोलियनच्या युद्धांमुळे फ्रान्सला बंदुकीच्या दारूसाठी सोरा हवा होता. बर्नार्ड कुर्तुआ हे त्याचे उत्पादक सागरी शैवालाच्या राखेतून क्षार काढीत असत. एकदा गंधकाम्ल प्रमाणाबाहेर पडले आणि राखेच्या अर्कातून जांभळ्या रंगाची वाफ उठली. थंड पृष्ठभागावर तिचे काळसर, चकाकणारे स्फटिक झाले. १८१३ मध्ये हा शोध जाहीर झाला. फ्रान्सचे गे-ल्युसॅक व इंग्लंडचे हम्फ्री डेव्ही यांनी हे नवे मूलद्रव्य असल्याचे ओळखले, आणि जांभळ्या रंगाच्या ग्रीक शब्दावरून त्याचे नामकरण झाले. कुर्तुआ मात्र १८३८ मध्ये निर्धन अवस्थेत निवर्तले.

गळ्यातील ग्रंथी

गलगंडावर समुद्रस्पंजाची राख देण्याचा उपाय युरोपात जुना होता. त्या राखेतील गुणकारी द्रव्य आयोडीनच असावे, असा तर्क करून जिनिव्हाचे डॉक्टर क्वांदे यांनी १८२० मध्ये रुग्णांना आयोडीन दिले. अनेकांच्या गाठी उतरल्या. पण अतिरेकी मात्रेमुळे काहींना अपायही झाला आणि टीका ओढवली. औषधाचे मोल मात्रेत असते, हा धडा तेव्हाच मिळाला.

१८९५ मध्ये जर्मनीच्या बाउमान यांना थायरॉइड ग्रंथीत आयोडीन आढळले. १९१४ मध्ये अमेरिकेत एडवर्ड केंडल यांनी त्या ग्रंथीचे संप्रेरक, थायरॉक्सिन, शुद्ध रूपात वेगळे केले. आपल्या हाती येणाऱ्या तपासणी अहवालांतील ‘टी-४’ व ‘टी-३’ म्हणजे अनुक्रमे आयोडीनचे चार व तीन अणू असलेली संप्रेरके होत. थायरॉक्सिनच्या वजनाचा सुमारे ६५ टक्के भाग आयोडीनचाच असतो. शरीराची वाढ, उष्णता आणि विशेषतः बालकाच्या मेंदूचा विकास या संप्रेरकांवर अवलंबून आहे.

याच ग्रंथीची आयोडीन ओढून घेण्याची ओढ पुढे उपचारासाठी उपयोगी पडली. १९४१ मध्ये बोस्टन येथे सॉल हर्ट्झ यांनी अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिले. मुंबईत परळ येथे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या रेडिएशन मेडिसिन सेंटरने ही उपचारपद्धती आपल्याकडे रुजवली.

मिठातून संरक्षण

डोंगराळ प्रदेशातील मातीतून आयोडीन पावसाने वाहून जाते. मग ते तेथील धान्यातही उतरत नाही. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व सहकाऱ्यांनी १९५६ पासून सुमारे एक लाख लोकवस्तीत मोठा प्रयोग केला. काही भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एका भागाला साधे. काही वर्षांतच पहिल्या भागांतील गलगंडाचे प्रमाण स्पष्टपणे घटले. साध्या मिठाच्या भागात तसे घडले नाही. पुढे त्या भागालाही आयोडीनयुक्त मीठ देण्यात आले. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मे २००६ पासून खाण्यासाठी आयोडीनरहित मीठ विकण्यास देशभर मनाई आहे.

आता थोडा आमचा हिशेब. प्रौढ माणसाला दररोज सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते. वर्षाचे होतात सुमारे ५५ मिलिग्रॅम. सत्तर वर्षांचे चार ग्रॅमहूनही कमी. उभ्या आयुष्याची गरज एका लहान चमच्यात मावते! परंतु शरीर ते फार काळ पुरेल इतके साठवून ठेवीत नाही म्हणून रोजचे रोज हवे, आणि गर्भवतीला अधिक हवे. आयोडीनसाठी मीठ वाढवू नये. आहे तेच आयोडीनयुक्त असावे आणि झाकणबंद, कोरड्या डब्यात ठेवावे. सैंधव ‘नैसर्गिक’ म्हणून घेणाऱ्यांनी पाकिटावर आयोडीनचा उल्लेख आहे की नाही, हे अवश्य पाहावे.

टाचेतील रक्ताचा थेंब

एक गोष्ट प्रांजळपणे सांगायला हवी. नवजात बालकांच्या थायरॉइड तपासणीचा प्रस्ताव अंदाजपत्रकात आला, तेव्हा ‘बहुतेक अहवाल सामान्यच येणार’ असे म्हणून आम्हीच तो पुढे ढकलला होता. त्यानंतर काही महिन्यांनी एक शेतकरी आपल्या सात वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन बाह्यरुग्ण विभागात आला. उंची तीन वर्षांच्या मुलीएवढी, बोलणे दोन-चार शब्दांचे. जन्म घरीच झालेला. तपासणी कधीच नाही. तिची थायरॉइड ग्रंथी जन्मापासूनच अपुरी होती. असा दोष मिठाने भरून निघत नाही. त्याला रोज थायरॉक्सिनची गोळीच द्यावी लागते. गोळ्या सुरू झाल्यावर ती उंच होऊ लागली, हसू लागली. “साहेब, आता ती शाळेत शिकंल ना?” या वडिलांच्या प्रश्नाला मात्र डॉक्टर होकार देऊ शकले नाहीत. मेंदूच्या वाढीची पहिली वर्षे परत येत नसतात.

हीच गोळी जन्मानंतर पहिल्या दोन आठवड्यांत सुरू झाली, तर मूल बहुधा इतरांसारखेच वाढते. त्यासाठी जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब पुरतो. ‘सामान्य’ अहवालांवरील पैसा वाया जातो, हा आमचा समज त्या बापाच्या प्रश्नाने दूर केला. विश्वस्त मंडळाच्या पुढच्याच सभेत प्रस्ताव पुन्हा मांडला आणि तो संमत झाला. आता येथे जन्मणाऱ्या प्रत्येक बालकाची ही तपासणी विनामूल्य होते.

देणगीदारांनी दिलेल्या रकमेचा हिशेब पुढील पानांवर आहेच. त्यातील या एका रकान्याकडे कृपया थांबून पाहावे. आणि ज्यांच्या घरी नवे बाळ येणार आहे, त्यांनी ते कोठेही जन्मो, ही तपासणी आग्रहाने करून घ्यावी, एवढीच नम्र विनंती.