स्नेहपाक, अग्निभय आणि वैद्याचे घर

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील बारावा अध्याय अग्निकर्माचा. त्यातील प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध व अतिदग्ध हे चार प्रकार आपण सर्वांनी परीक्षेसाठी पाठ केले. त्याच अध्यायात स्नेहदग्ध व धूमोपहत यांचाही विचार आहे. तिकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. ज्यांच्या घरातच तेले सिद्ध होतात, अशा वैद्यांसाठी व औषधविक्रेत्यांसाठी हा भाग नित्य व्यवहाराचा आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या चिकित्सालयामागील स्वयंपाकघरात सहचर तैलाचा पाक चालू होता. पात्र जवळजवळ काठोकाठ भरलेले, आणि रुग्ण आला म्हणून आम्ही उठून बाहेर गेलो. तैलपाक सिद्ध होताना फेन येतो, घृतपाकात तो शमतो, हे लक्षण विद्यार्थ्यांना शिकविणारे आम्ही. पण हाच फेन उतू जाऊन शेगडीवर पडेल, हे ध्यानी आले नाही. तेल पेटले. सहायकाने पाण्याची बादली उचलली. आमच्या मातोश्रींनी त्यास अडविले, गॅस बंद केला व पात्रावर परात झाकली. तोवर सहायकाच्या हातावर तेल उडाले होते. आम्ही त्यावर तत्काळ शतधौत घृत चोपडले.

पाकात जलांश असेतो उष्णता शंभर अंशांच्या आसपास राहते. जलांश संपताच ती झपाट्याने चढते. म्हणजे खरपाकाकडे झुकणारा काळ औषधाप्रमाणे घरालाही धोक्याचा. पेटलेल्या तेलावर पाणी पडल्यास त्याची क्षणात वाफ होऊन जळते तेल चहूकडे उडते. म्हणून पात्र निम्म्याहून अधिक भरू नये, त्याच्या मापाचे धातूचे झाकण हाताशी ठेवावे, आणि शेवटच्या टप्प्यात जागेवरून उठू नये, मग रुग्ण कितीही घाईचा असो. झाकलेले पात्र पूर्ण निवेपर्यंत उघडू नये. कापूर, राळ, गंधक व स्पिरिट यांना स्वयंपाकघरात जागा असू नये.

गॅसचा वास आल्यास रेग्युलेटर बंद करावा, दारे-खिडक्या उघडाव्यात. विजेचे बटण लावूही नये, बंदही करू नये. हा वायू हवेहून जड असल्याने जमिनीलगत साचतो. गळतीसाठी १९०६, आगीसाठी १०१ किंवा ११२ हे क्रमांक भिंतीवर लिहून ठेवावेत. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी.

आता आमच्या घृतलेपाविषयी. तप्त स्नेह सूक्ष्म सिरांतून त्वरेने आत शिरतो, म्हणून स्नेहदग्धात वेदना अधिक, असे सुश्रुताचार्य सांगतात व तेथे विशेषेकरून रूक्ष क्रिया करावयास सांगतात. म्हणजे आमचा लेप ग्रंथाधारानेही चुकलाच. प्लुष्टात मात्र आचार्य शीत जलाचा निषेध करून उष्ण उपचार सांगतात. येथे आम्ही आजच्या अनुभवसिद्ध ज्ञानाच्या बाजूने आहोत. भाजल्याबरोबर अंगठ्या-बांगड्या काढून तो भाग वीस मिनिटे नळाच्या वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ नको, शाई नको, टूथपेस्ट नको. नंतर स्वच्छ कोरड्या कापडाने सैल झाकावे. घृताचा विचार पुढे, व्रण रोपणावस्थेत आल्यावर. चेहरा, हात वा जननेंद्रिय भाजल्यास रुग्णास थेट रुग्णालयात न्यावे.

धूमोपहताचे श्वास, कास, नेत्रदाह, मूर्च्छा हे वर्णन आजही तंतोतंत पटते. मात्र तेथे सांगितलेले वमन अर्धवट शुद्धीतील रुग्णास देऊ नये. त्यास प्राणवायूची गरज असते. आवाज बसला असेल वा नाकपुड्यांत काजळी दिसत असेल, तर क्षणाचाही विलंब नको. धूर वर जातो, म्हणून घरातील लहानथोरांना ओणवे होऊन रांगत बाहेर पडण्याचा सराव रात्री, दिवे मालवून, एकदा तरी करवावा. बाहेर भेटण्याची जागा ठरलेली असावी. एकदा बाहेर पडल्यावर कोणीही वहीसाठी वा दागिन्यांसाठी आत परतू नये.

त्या दिवशी आमच्या मागील दाराला कुलूप होते आणि किल्ली चिकित्सालयाच्या खणात. आता ती दारालगतच्या खिळ्यावर असते, आमच्या नातवंडांच्या वयाच्या मुलाचाही हात पोहोचेल इतक्या उंचीवर.