नवा लॅपटॉप घेताना

आमच्या वसतिगृहात राहून शिकलेला विद्यार्थी अकोला, अमरावती, नागपूर किंवा पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतो, तेव्हा शुल्क आणि खोलीभाडे यांच्या पाठोपाठ तिसरा मोठा खर्च उभा राहतो तो लॅपटॉपचा. तो येतो जून ते ऑगस्टच्या दरम्यान, म्हणजे वाशिम जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबाची रोकड बियाण्यात व खतात गेलेली असते नेमकी तेव्हा. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा किमान आधारभूत भाव क्विंटलला ५,३२८ रुपये ठरला. त्या हिशेबाने ४५,००० रुपयांचा लॅपटॉप म्हणजे जवळजवळ साडेआठ क्विंटल सोयाबीन, आणि तेही हमीभाव हाती पडला तर. मजुरीवर घर चालवणाऱ्या आईवडिलांना हा हिशेब हजेऱ्यांमध्ये मांडावा लागतो. म्हणून आमची कसोटी एकच आहे : पदवीची तीन-चार वर्षे पूर्ण होईपर्यंत या वस्तूवर दुसऱ्यांदा मोठा खर्च करावा लागू नये.

कोणता घ्यावा याआधी आत्ताच घ्यावा का, हे ठरवावे. अकरावी-बारावीला लॅपटॉपची गरज नसते. पुस्तके आणि घरातील एक बरा मोबाइल एवढ्यावर प्रवेशपरीक्षांचा अभ्यास नीट होतो. पदवीच्या प्रवेशफेऱ्या पूर्ण होऊन शाखा निश्चित झाल्याशिवायही घाई करू नये. कला, वाणिज्य, कृषी किंवा स्पर्धा परीक्षा यांसाठी लागणारे यंत्र वेगळे आणि स्थापत्य वा संगणक अभियांत्रिकीसाठी लागणारे वेगळे. पहिल्या गटाला ८ जीबी रॅम पुरते. दुसऱ्या गटाने १६ जीबी धरून चालावे, कारण आराखडे काढण्याची व मोबाइल ॲप तयार करण्याची सॉफ्टवेअरे कमी रॅमवर सुरू होतात, पण चालत नाहीत.

दुकानात गेल्यावर पालकांना पहिला शब्द ऐकू येतो तो ‘आय-फाइव्ह’. हा शब्द एकटा काहीच सांगत नाही. इंटेलच्या प्रोसेसरच्या नावात त्यापुढे जो आकडा असतो, त्याचे सुरुवातीचे अंक त्याची पिढी सांगतात. आय५-७२००यू हा सातव्या पिढीचा, २०१६ चा, दोन गाभ्यांचा प्रोसेसर. तर आय३-१२१५यू हा बाराव्या पिढीचा आणि सहा गाभ्यांचा. नावाने धाकटा असलेला आय-थ्री येथे मोठ्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. आता इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावातून ‘आय’ हे अक्षरच काढून ‘कोअर ५’, ‘कोअर अल्ट्रा’ अशी नावे आणली आहेत, त्यामुळे गोंधळात भरच पडली. एएमडीचेही तसेच. रायझन ५ ७५२०यू हे नाव नवे वाटते, पण त्याच्या चार गाभ्यांची रचना २०१९ मध्ये बाजारात आलेली आहे. ७५३०यू मध्ये त्यापुढची रचना आणि सहा गाभे आहेत. एका अंकाचा फरक, पण चार वर्षे तो अंगावर काढायचा असतो. तेव्हा पूर्ण क्रमांक कागदावर लिहून घ्यावा, घरी येऊन तपासावा आणि मगच पैसे द्यावेत. क्रमांक सांगायला जो दुकानदार टाळाटाळ करील, त्याच्याकडून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रोसेसर नंतर बदलता येत नाही. रॅम कधी बदलता येते, कधी येत नाही. पुष्कळ पातळ लॅपटॉपांत रॅम मुख्य पटावर डाग देऊन पक्की बसवलेली असते. म्हणून ‘रॅम वाढवायला रिकामी जागा आहे का?’ हा प्रश्न विचारलाच पाहिजे. जागा असेल तर आज ८ जीबीवर भागवून तिसऱ्या वर्षी थोड्या खर्चात ती वाढवता येते. नसेल तर जे काही घ्यायचे ते आजच. साठवणुकीसाठी एसएसडीच असावी, शक्यतो ५१२ जीबीची. स्वस्त लॅपटॉपांत ६४ जीबीची ईएमएमसी साठवण मिळते, ती टाळावी. विंडोज ११ ची किमान गरजच ६४ जीबी आहे, मग विद्यार्थ्याच्या कामाला जागा उरणार किती?

खेळांसाठी बनवलेले, रंगीत दिवे लावलेले लॅपटॉप मुलांना फार मोहवतात. त्यांचे वजन दोन किलोंच्या वर जाते, चार्जरची वीट वेगळी, आणि बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकते. एसटीने गावी ये-जा करणाऱ्या आणि एका प्लगवर तिघे राहणाऱ्या मुलाला दीड किलोचा, १४ इंची पडद्याचा लॅपटॉप अधिक सोयीचा. पडदा मात्र हलका घेऊ नये. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखन व भाषणांचे खंड आज पीडीएफ स्वरूपात वाचता येतात; तशी पाने तासन् तास वाचायची तर फुल एचडी, चकाकी नसलेला पडदाच हवा.

आपल्या विदर्भाच्या उन्हाळ्याचा विचार कंपन्या करत नाहीत. बहुतेक लॅपटॉप ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या खोलीत वापरावेत असे त्यांच्या पुस्तिकेत लिहिलेले असते, आणि मे महिन्यात आपल्याकडे पारा ४३-४४ च्या पुढे जातो. उष्णता आणि सतत पूर्ण चार्ज ठेवणे, या दोन्हींनी लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होते. अनेक लॅपटॉपांत चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते, ती सुरू करावी. गादीवर ठेवून वापरू नये, खालच्या झडपा बंद होतात. कमी दाबाची फारशी भीती नाही, कारण चार्जर सहसा १०० ते २४० व्होल्टवर चालतो. विजा कडाडू लागल्या की मात्र प्लग काढलाच पाहिजे.

पैशांविषयी. शैक्षणिक कर्ज घेणार असाल तर बँक संघटनेच्या आदर्श योजनेत अभ्यासक्रमासाठी आवश्यक असलेल्या लॅपटॉपचा वाजवी खर्च धरता येतो. अर्ज करतानाच दरपत्रक जोडावे, नंतर जोडणे अवघड जाते. ‘बिनव्याजी हप्ता’ या शब्दावर भाळू नये. रोखीने मिळणारी सवलत तेथे अनेकदा मिळत नाही आणि प्रक्रिया शुल्क वेगळे पडते. दोन्हींची एकूण बेरीज मांडून पाहावी.

जुना, कंपन्यांनी परत केलेला लॅपटॉप घेण्यात कमीपणा काहीच नाही. कार्यालयांसाठी बनवलेले थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड मजबूत असतात आणि त्यांचे सुटे भाग मिळतात. परंतु विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अद्ययावतीकरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले आणि विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचा कितीही स्वस्त मिळाला तरी विंडोजसाठी घेऊ नये. त्यावर लिनक्स चालवण्याची तयारी असेल तर गोष्ट वेगळी. पक्के बिल, लिखित हमी आणि बॅटरी किती वेळ चालते याची समोर बसून परीक्षा, याशिवाय व्यवहार करू नये. नव्या लॅपटॉपच्या बाबतीतही दुरुस्ती केंद्र कोठे आहे आणि कारागीर घरी येणार की यंत्र घेऊन आपण जायचे, हे आधी विचारावे. रिसोड किंवा मानोऱ्याहून अकोल्याच्या दोन फेऱ्या म्हणजे दोन दिवसांची मजुरी.

विंडोजशिवाय मिळणारा लॅपटॉप स्वस्त असतो. पण दुकानदार त्यात चोरीची प्रत ‘फुकट’ टाकून देतो, ती घेऊ नये. मराठी टंकलेखनासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घेण्याचीही गरज नाही. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये लिहिलेला अर्ज दुसऱ्या संगणकावर उघडला, आणि तेथे तो फाँट नसला, की रोमन अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडमध्ये तसे होत नाही आणि इन्स्क्रिप्ट कळफलक विंडोज व लिनक्स दोन्हींत विनामूल्य असतो. दुकानातच तो सुरू करून घ्यावा आणि ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द विद्यार्थ्याने स्वतः टंकून पाहावा. तेवढ्यात कळांचा स्पर्शही कळतो.