निरोप्या नामदेव जाधव

सैन्य म्हटलें म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें तोफा, बंदुका व रणगाडे उभे राहतात. परंतु या सर्वांस हालविणारी जी वस्तु, ती दिसत नाहीं. ती म्हणजे हुकूम. योग्य हुकूम योग्य वेळीं पोहोंचला नाहीं, तर शूर पलटणींचें शौर्यहि वायां जातें. म्हणून निरोप पोहोंचविण्याची व्यवस्था प्रत्येक सैन्यांत काळजीनें ठेवलेली असते.

मराठ्यांच्या दौलतींत हें काम जासूद व हरकारे करीत. पुढें 1869 सालीं हेन्री मान्स या इंग्रज गृहस्थानें हेलिओग्राफ नांवाचें यंत्र काढिलें. त्यांतील आरशावर सूर्यकिरण पाडून केलेल्या खुणा कित्येक मैलांवरून वाचतां येत. मागाहून तारायंत्र, टेलिफोन व बिनतारी संदेश आले. 15 फेब्रुवारी 1911 रोजीं आपल्या देशांतील लष्करांत या कामासाठीं स्वतंत्र सिग्नल दळ स्थापन झालें. ‘तीव्र चौकस’ हें त्याचें ब्रीद होय.

तथापि यंत्राला मर्यादा आहेत. हेलिओग्राफास ऊन लागतें. तोफगोळ्यानें तार तुटते. बिनतारी यंत्र मोडतें. अशा वेळीं माणसाचे पायच कामास येतात. म्हणून कंपनीच्या अधिकाऱ्याजवळ एक निरोप्या असे. त्याला ‘रनर’ म्हणत. निरोप नीट समजून घ्यावा, त्यांत एक शब्द अधिक किंवा उणा न करितां तो पोहोंचवावा आणि उत्तर घेऊन परत यावें, एवढेंच त्याचें काम. पण तें गोळ्यांच्या वर्षावांत करावयाचें असे.

असा एक निरोप्या आपल्या बीडच्या शेजारच्याच जिल्ह्यानें दिला. नामदेव जाधव यांचा जन्म 18 नोव्हेंबर 1921 रोजीं निमज या गांवीं झाला. हें गांव तेव्हांच्या अहमदनगर, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्यांत आहे. दुसऱ्या महायुद्धांत ते पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या पलटणींत शिपाई होते, आणि ही पलटण इटलींत लढत होती.

तेथें सेनिओ नांवाची नदी आहे. तिच्या दोन्ही कांठांस पुराचे उंच बांध असून त्यांत जर्मनांनीं मशीनगनचीं ठाणीं केलीं होतीं व सुरुंग पेरले होते. 9 एप्रिल 1945 च्या सायंकाळीं पूर्वेकडील बांधावर हल्ला झाला. नामदेव आपल्या अधिकाऱ्यासोबत आघाडीच्या तुकडीच्या मागोमाग होते. एकाएकीं तीन मशीनगन सुरू झाल्या. अधिकारी व आणखी दोघे जखमी झाले. नामदेव यांच्याखेरीज बाकीचे सर्व ठार झाले.

आतां निरोप देणारा कोणी उरला नव्हता. नामदेव यांनीं एका जखमी माणसास उचललें व खोल पाण्यांतून, सुरुंगांच्या पट्ट्यांतून, उभ्या चढानें सुरक्षित जागीं नेलें. मग परत जाऊन दुसऱ्यासहि आणिलें. तिसऱ्या खेपेस ते शत्रूवर चालून गेले व पहिलें ठाणें बंद पाडिलें. हातास गोळी लागून बंदूक चालविणें अशक्य झालें, तेव्हां ती टाकून त्यांनीं हातबाँब घेतले आणि उरलेलीं दोन ठाणींहि नष्ट केलीं. नंतर तोफांचा मारा चालू असतांना बांधाच्या माथ्यावर उघड्यावर उभे राहून, मराठ्यांची रणगर्जना करीत, हाताच्या खुणेनें त्यांनीं मागच्या कंपन्यांस नदीपार बोलाविलें.

या पराक्रमाबद्दल त्यांस व्हिक्टोरिया क्रॉस हें सर्वोच्च शौर्यपदक मिळालें. 2 मे 1945 रोजीं इटलींतील जर्मन सैन्यानें शस्त्रें खालीं ठेविलीं. नामदेव जाधव 2 ऑगस्ट 1984 रोजीं पुण्यास वारले.

यांत दोन गोष्टी ध्यानांत घेण्यासारख्या आहेत. त्यांनीं प्रथम जखमींस वांचविलें व मग शत्रूस गांठिलें. शिवाय, हुकूम देणारा पडला तरी हुकुमाचा हेतु ते विसरले नाहींत. कंपन्यांनीं नदी ओलांडावी हाच तो हेतु होता. त्या सायंकाळीं तोंडीं निरोप नव्हता, चिठ्ठीहि नव्हती; बांधावर उभा राहिलेला तो जखमी शिपाईच निरोप झाला.

पालकांनीं एक प्रयोग करून पाहावा. मुलास दहा-बारा शब्दांचा निरोप सांगून शेजारीं पाठवावें आणि तो कसा पोहोंचला याची चौकशी करावी. ऐकणें, ध्यानांत ठेवणें व खरें तेंच सांगणें हे गुण रणांगणावर एकाएकीं येत नाहींत. त्यांचा अभ्यास घरांत व शाळेंतच झाला पाहिजे.