ब्लॉक धुवायचे किती?

ट्रॅक्टरचं इंजिन उतरलं की लेथवाला बोअरिंग, लायनर, क्रँक घासणं असा सगळा हिशेब कागदावर मांडतो. ब्लॉक धुण्याची ओळ त्यात बहुधा नसते. विचारलं तर म्हणतो, "ते होऊन जाईल हो." म्हणजे काय, तर हाताखालचा पोरगा डिझेल मारून ब्रश फिरवतो आणि उरलेल्या चिकट्यावरच रंगाचा फवारा बसतो. ही ओळ वेगळी लिहून घ्या.

आधी ब्लॉकला चुंबक लावून बघा. चिकटलं तर बीड, नाही तर ॲल्युमिनियम. जुन्या बुलेटमध्ये दोन्ही भेटतात: बॅरल बीडाचा, क्रँककेस ॲल्युमिनियमची. हे बघायचं कारण कॉस्टिक. ते बीडावरचं ग्रीस आणि रंग दोन्ही उतरवतं, पण ॲल्युमिनियम खातं, वर हायड्रोजन वायू सोडतं.

घरी करायचं तर पाच लिटर डिझेलचे साडेचारशेच्या आसपास, एक लिटर पेंट रिमूव्हर, पत्ती, तारेचा ब्रश, हातमोजे, चष्मा असे मिळून हजार-बाराशे जातात, शिवाय दोन दिवस. पेट्रोलने धुऊ नका, एका ठिणगीचा खेळ आहे. रिमूव्हर उघड्यावर लावा, रंग फुगला की ओलाच खरवडा. ग्राइंडरला कप ब्रश लावून कोरडा रंग उडवायचा मोह होतो, पण जुन्या रंगात शिसं असू शकतं. 2017 पासून आपल्याकडे शिशाला 90 पीपीएमची मर्यादा आहे खरी, पण ती घरगुती आणि सजावटीच्या रंगांना.

बीडाला कॉस्टिकची गरम टाकी मात्र हातापेक्षा बरी. तीन सिलिंडरच्या ब्लॉकला साधारण हजार ते दोन हजार धरा; गावागणिक फरक पडतो. अर्ध्या ड्रमात घरी करणारेही आहेत: शंभर लिटर पाण्याला पाचेक किलो कॉस्टिक. कॉस्टिक थोडं थोडं पाण्यात सोडायचं, कॉस्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. टाकीत जाण्याआधी कॅमचे बुश, पाण्याच्या डमी आणि ऑइल गॅलरीचे प्लग काढून घ्या. बुश आत राहिले तर त्यांची किंमत धुलाईच्या वर जाईल. डमी नव्याच बसवा, त्यात पैसे वाचवू नका.

सँडब्लास्टिंगने ब्लॉक नव्यासारखा दिसतो, आणि तिथेच माणूस फसतो. माझ्या एका इंजिनाला मी हौसेने करून घेतलं होतं. भोकं बंद न करताच त्यांनी मारा केला, मीही तपासलं नाही. थोड्याच दिवसांत ऑइलचं प्रेशर पडलं. खोललं तर बेअरिंगवर नखाने चाचपता येतील असे चरे. ब्लास्टिंगचे पैसे गेले, वर बेअरिंगचा सेट, आणि क्रँक पुन्हा लेथवर.

म्हणून माझं मत असं, की पहिल्या धुलाईत काटकसर चालेल, दुसरीत नाही. दुसरी म्हणजे बोअरिंग-होनिंगनंतरची. होनिंगची बारीक पूड डिझेलने जात नाही. कढत पाणी, साबण आणि प्रत्येक ऑइल गॅलरीत शिरेल असा लांब नायलॉनचा ब्रश लागतो. सामान दोन-तीनशेचं, लेथवाल्याने केलं तर मजुरीचे पाचशे आनंदाने द्या. मग पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून सिलिंडरमध्ये फिरवा. करडं निघालं तर पुन्हा धुवायचं. पांढरं निघेपर्यंत पैसे खिशातच ठेवा.

धुतलेलं बीड पावसाळ्यात तासाभरातही तांबूस पडतं. तेव्हा कॉम्प्रेसरच्या हवेने लगेच वाळवा, मशिनिंगच्या जागांना ऑइल चोळा, रंगवायची बाहेरची बाजू तेवढी कोरडी ठेवा. इंजिनचा रंग त्याच दिवशी मारून ब्लॉक प्लास्टिकमध्ये गुंडाळा. काळं डिझेल गटारात किंवा बांधावर ओतू नका, कॅनमध्ये भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या परवानाधारकाकडे द्या.