बाज, खुर्ची आणि वळवाचा वारा

आमचं राणीसावरगाव परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड तालुक्यात. उन्हाळ्यात आमच्याकडे निम्मं घर अंगणातच असतं. बाजा, प्लास्टिकच्या खुर्च्या, दारी लग्न असेल तर मांडवसुद्धा. आणि नेमका तेव्हाच वळीव येतो. ढगातल्या पावसाने गार झालेली हवा जड होऊन खाली कोसळते, जमिनीवर आपटून चौफेर पसरते. म्हणून थेंबांच्या आधी वारा येतो. आवराआवरीला दोन-चार मिनिटंच मिळतात.

आता थोडं गणित. वाऱ्याचा दाब = ०.६ × वेगाचा वर्ग (वेग मीटर प्रति सेकंद, दाब न्यूटन प्रति चौरस मीटर). ताशी ३६ किमी वाऱ्याला दाब ६०, ताशी ७२ किमीला २४०. म्हणजे वेग दुप्पट, दाब चौपट! खुर्चीची वाऱ्यासमोरची बाजू पाव चौरस मीटर धरा. तिच्यावर ६० न्यूटन, म्हणजे सहा किलोचा रेटा. खुर्ची स्वतः अडीच किलोची. ती थांबेल कशी?

एकात एक दहा खुर्च्या घातल्या की झालं, असं आपल्याला वाटतं. वजन २५ किलो होतं खरं, पण उंचीही दीड मीटरच्या आसपास जाते. उलटवणारा मोमेंट वजनाच्या मोमेंटच्या जवळपास दुप्पट भरतो. अख्खी चळतच आडवी होते.

मग करायचं काय?

१) खुर्च्या आडव्या पाडा, हातांमधून दोर ओवून झाडाला किंवा खांबाला बांधा.
२) बाज भिंतीला उभी टेकवू नका, तिचं शीड होतं. पायांवरच ठेवा आणि गोधडी काढून घ्या. विणीतून वारा निघून जातो.
३) मांडवाचा खुंटा दोराच्या उलट दिशेला कलता आणि खोल ठोका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, भेगेजवळचा खुंटा सैल पडतो.
४) पत्र्यावर नुसते दगड ठेवू नका. अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला चारच किलो भरतो. वारा त्याला उचलतो आणि दगड खाली माणसावर येतो. पत्रा हुकाने आणि नट-बोल्टने आवळा.

आयएस ८७५ (भाग ३) या मानकात छत्रपती संभाजीनगरसाठी वाऱ्याचा मूळ वेग ३९ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी १४० किमी धरला आहे. इमारत आपण त्या हिशोबाने बांधतो, पण हॉस्टेलच्या गच्चीवरची खुर्ची तशीच मोकळी सोडतो. तिसऱ्या मजल्यावरून उडालेली खुर्ची खाली कुणाच्या डोक्यात पडेल, सांगता येत नाही. तेव्हा गच्चीवर अभ्यासाला बसा जरूर, पण उठताना खुर्ची आत घ्या. नाहीतर दोर तरी बांधा!