जागेची जाहिरात मोबाईलवर : टनेज मोजू नका, उतारा मोजा



आपल्या कार्यक्षेत्रातील गावांतून हल्ली बरीच तरुण मुले प्लॉटच्या दलालीत उतरली आहेत. कोणी डिप्लोमा झालेला आहे, कोणी दुधाच्या धंद्याला जोड म्हणून हे करतो. पूर्वी ही दलाली बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवर चालायची. आता गिऱ्हाईक मोबाईलवर शोधावे लागते, कारण तालुक्याच्या गावी प्लॉट घेणारा पुष्कळदा तालुक्यात राहतच नाही. तो पिंपरी-चिंचवडला कंपनीत असतो, मुंबईला असतो, नाही तर सैन्यात असतो आणि पेन्शनीत आल्यावर गावाजवळ घर बांधायचे म्हणतो. त्याच्यापर्यंत टपरीवरची बातमी जात नाही, मोबाईल जातो. म्हणून हे काम नीट शिकून करावे, एवढ्यासाठी हा लेख.

मोबाईलवरून जे नाव आणि नंबर हाती येतो त्याला या धंद्यात 'लीड' म्हणतात. आपण त्याला चौकशी म्हणू. चौकशी म्हणजे गिऱ्हाईक नव्हे, हे आधी ध्यानात घ्यावे. ऊस काट्यावर आला म्हणजे साखर झाली असे आपण म्हणतो का? २०२५-२६ च्या हंगामाची एफ. आर. पी. केंद्र सरकारने १०.२५ टक्के मूळ उतारा धरून ठरवली, नुसते टनेज धरून नव्हे. जाहिरातीचेही तसेच आहे.

चौकश्या येण्याच्या वाटा तीन-चार आहेत. पहिली फेसबुकची. माणूस आपला वेळ घालवत असतो, त्याच्यापुढे जाहिरात येते, तो बटण दाबतो आणि त्याचे नाव-नंबर फॉर्ममध्ये आधीच भरून येतात. त्याने फक्त अंगठा टेकवायचा! त्यामुळे नावे स्वस्त पडतात, पण निम्म्यांना फोन केला की "मी कुठं फॉर्म भरलाय?" असा उलटा प्रश्न येतो. दुसरी वाट गूगलची. तिथे माणूस स्वतः गावाचे नाव घालून प्लॉट शोधत असतो. ही चौकशी महाग पडते, पण तिच्यात गरज असते. तिसरी वाट नाइन्टीनाइन एकर्स, मॅजिकब्रिक्स अशा जागांच्या बाजाराची. तिथे तीच चौकशी तुमच्याबरोबर इतर एजंटांकडेही जाऊ शकते, हे समजून पैसे भरावेत. आणि गूगलच्या नकाशावर आपल्या ऑफिसची नोंद करायला काहीच पैसे पडत नाहीत. ती मात्र निम्म्या पोरांनी केलेली नसते, याचे नवल वाटते.

आता हिशेब पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. एकाने फेसबुकवर ६,००० रुपये घातले, सोपा फॉर्म ठेवला आणि १२० नावे आली. नाव ५० रुपयांना पडले. त्यांतले ६ जण जागा बघायला आले. दुसऱ्याने तेवढेच पैसे घातले, पण फॉर्ममध्ये दोन प्रश्न ठेवले : बजेट किती आणि किती महिन्यांत घ्यायचे आहे. शिवाय भरलेली माहिती तपासून पुन्हा 'पाठवा' म्हणायची पायरी ठेवली (फेसबुकच्या फॉर्ममध्ये तशी सोय आहे). त्याला ३० च नावे आली, नाव २०० रुपयांना पडले, पण ८ जण जागेवर आले. पहिला गावभर सांगत सुटणार, माझ्याकडे १२० लीड आहेत! पण जागेवर आलेला माणूस त्याला १,००० रुपयांना पडला आणि दुसऱ्याला ७५० ला. वर पहिल्याने १२० फोन फिरवले ते वेगळेच.

उतारा घटण्याचे दुसरे कारण उशीर. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते आणि साखरही घटते, हे शेतकी खाते आपल्याला दरवर्षी सांगते. चौकशीही तशीच वाळते. २०११ साली 'हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू' या अमेरिकन नियतकालिकात याविषयी एक अभ्यास आला होता. चौकशी आल्यापासून तासाच्या आत संपर्काचा प्रयत्न करणाऱ्या कंपन्यांना गिऱ्हाइकाशी कामाचे बोलणे होण्याची शक्यता, तासाभराने उशीर करणाऱ्यांपेक्षा जवळपास सातपट आढळली. चोवीस तास किंवा जास्त थांबणाऱ्यांच्या तुलनेत तर साठपट. तो अभ्यास तिकडचा, आणि सगळ्या धंद्यांचा. पण माणसाचा स्वभाव इथेही फारसा वेगळा नाही. रात्री नऊला फॉर्म भरणाऱ्याला दुसऱ्या दिवशी दुपारी फोन गेला, तर तोवर तो दुसऱ्याच एजंटाच्या गाडीत बसलेला असतो. शेतात पाणी धरताना फोन घेता येत नसेल, तर निदान व्हॉट्सॲप बिझनेसवर आपोआप उत्तर लावून ठेवावे आणि त्यात अमुक वाजता फोन करतो असे सांगून तो करावा.

आता जाहिरातीच्या मजकुराकडे वळू. इथेच खरी जोखीम आहे. आपली मुले 'एन. ए. होणार' या प्लॉटला 'एन. ए.' लिहितात, आणि चार किलोमीटरला 'स्टँडपासून पाच मिनिटे' लिहितात. स्थावर संपदा कायदा २०१६ चा आहे. त्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील खोट्या माहितीवर विसंबून कोणी पैसे भरले आणि त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. आणि गिऱ्हाईक बाहेर पडायचे म्हणाले तर रक्कम व्याजासह परत करावी लागते. एजंटालाही मोकळीक नाही. महारेराची नोंदणी असल्याशिवाय नोंदणीकृत प्रकल्पातील प्लॉट त्याला विकून देता येत नाही, आणि नोंदणी लागणारा प्रकल्प ती नसताना त्याने विकायला घ्यायचा नाही. यात कसूर झाली तर दिवसाला १०,००० रुपये दंड आहे आणि तो जागेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत चढू शकतो. ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जागेला किंवा ८ पर्यंतच्या युनिटांना प्रकल्प-नोंदणीतून सूट आहे. पण मोठ्या प्लॉटिंगचे तुकडे दाखवून ती सूट घेऊ नये. २०२३ पासून महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टपासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यू. आर. कोड छापणे सक्तीचे आहे. फेसबुकवरची जाहिरात ही जाहिरातच आहे, 'नुसती पोस्ट टाकली' म्हणून सुटका नाही.

सभासदांनी स्वतःसाठीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्या रानात वाटणीवर प्लॉट पाडू देणारा जमीनमालकही कायद्यापुढे प्रवर्तक ठरू शकतो. तेव्हा एजंट आपल्या जमिनीची काय जाहिरात करतो, हे भाच्याचा मित्र म्हणून सोडून न देता मालकाने वाचून पाहावे. इसार घेतानाही, नोंदणीकृत करार होण्याआधी प्रवर्तकाला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही.

जाहिरातीत किंमत लिहावी की नाही, यावर पोरांचा वाद असतो. आमचे मत, लिहावी. 'भावासाठी फोन करा' म्हटले की फोन पुष्कळ येतात, पण त्यांतले बहुतेक नुसता भाव विचारून ठेवतात. गट नंबर, क्षेत्र, एन. ए. आदेशाची तारीख, रस्त्याची रुंदी, पाण्याची सोय आहे की नाही आणि किंमत, एवढे सरळ लिहिले तर नावे कमी येतील, पण आलेला माणूस सातबारा बघूनच येईल. डिजिटल सहीचा उतारा महाभूमीवर १५ रुपयांत निघतो. तो आपणच काढून गिऱ्हाइकाला पाठवला तर अर्धे बोलणे तिथेच होते.

नंबरांच्या तयार याद्या विकत घेऊन सरसकट फोन करण्याचा प्रकारही वाढला आहे. तो करू नये. ज्याने १९०९ वर नको म्हणून नोंद केली आहे, त्याला साध्या नंबरावरून जाहिरातीचा फोन गेला आणि तक्रारी झाल्या, तर तुमचा नंबर बंद होऊ शकतो. धंद्याचा नंबर बंद म्हणजे दुकानाला कुलूप. सभासदांपैकी ज्यांना असे फोन सतावतात, त्यांनी १९०९ वर 'स्टार्ट ०' असा संदेश इंग्रजीत पाठवावा.

शेवटी वही. मोठ्या सॉफ्टवेअरची गरज सुरुवातीला नाही. दोनशे पानी वहीत तारीख, नाव, कोणत्या वाटेने आले, पहिला फोन किती वाजता केला, काय म्हणाले, पुढचा फोन कधी, जागेवर आले का, एवढे रकाने आखावेत. महिनाअखेरीस प्रत्येक वाटेचा खर्च जागेवर आलेल्या माणसांनी भागावा. जी वाट महाग निघेल तिचे पैसे पुढच्या महिन्यात निम्मे करावेत. आणि 'आता नको, दिवाळीनंतर बघू' म्हणणाऱ्यांची नावे खोडू नयेत, वहीच्या मागच्या पानांवर उतरवावीत. पिंपरीच्या कामगाराला बोनस आणि सुट्टी तेव्हाच मिळते, आणि गावी आला की जागा बघायला त्याला वेळही असतो.