भुशाची गाळणी आणि तिची निगा

जिवती तालुका माणिकगडच्या डोंगरपठारावर वसलेला आहे. या पठाराभोंवतालच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशांत सागवान हें घरोघरच्या परिचयाचें लांकूड होय. बल्लारपूरच्या आगारांतून 2023 सालीं अयोध्येच्या राममंदिराच्या दारांकरितां सागवान पाठविण्यांत आलें, तें याच मुलखाचें. अशा प्रदेशांत घराच्या छपरींत विजेचा रंधा व गोल करवत मांडून दारें, चौकटी व पलंग करणारे वाढई असावेत, यांत नवल नाहीं. यंत्रांनीं कामाचा वेग वाढविला. परंतु त्याबरोबर बारीक धूळही वाढली. हातरंध्याची ढलपी पायाशीं पडते. घासकागदाच्या यंत्राची धूळ मात्र हवेंत तरंगत राहते. ही धूळ ओढून घेणारें यंत्र आतां घरगुती कामाकरितांही मिळतें. त्याचा प्राण म्हणजे त्याची गाळणी, जिला बाजारांत फिल्टर म्हणतात. तिची निगा कशी राखावी, याचा विचार आम्ही येथें करणार आहोंत.

धूळ ती काय, चार वेळां खोकलें म्हणजे गेली, असें पुष्कळांस वाटतें. इंग्लंडांतील हाय विकंब हें गांव खुर्च्यांच्या कारखान्यांविषयीं प्रसिद्ध होतें. बीच व ओक यांसारख्या कठीण लांकडांवर काम करणाऱ्या तेथील कामगारांत नाकाचा एक विरळा कर्करोग फार अधिक आढळतो, ही गोष्ट एस्मे हॅडफील्ड या शल्यविशारद बाईंच्या ध्यानीं आली. ॲचेसन प्रभृति सहकाऱ्यांसह तो अभ्यास 1968 सालीं प्रसिद्ध झाला. पुढें 1995 सालीं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनें लांकडाची धूळ मनुष्यास कर्करोगकारक असल्याचा निर्णय प्रसिद्ध केला. सागाच्या धुळीनें कित्येकांच्या अंगास खाज सुटते व कांहींस दमाही जडतो. कामाची छपरी आणि स्वयंपाकाची खोली यांमध्यें जेथें एकच भिंत असते, तेथें ही धूळ केवळ कारागिराच्याच नव्हे, तर पाळण्यांतील मुलाच्याही श्वासांत जाते.

धुळींतील अधिक घातक भाग कोणता? जो दिसत नाहीं तो. पाण्याइतक्या घनतेचा दहा मायक्रॉनचा कण स्थिर हवेंत दोन मीटर खालीं येण्यास सुमारें अकरा मिनिटें घेतो. एका मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा कण तेंच अंतर उतरण्यास सुमारें सोळा तास घेतो. अर्थात् सायंकाळीं झाडून काढलेल्या जागेंतही सकाळची धूळ फिरत असते. अंधाऱ्या खोलींत विजेरीचा झोत टाकून आडवें पाहिलें, तर कवडशांत दिसावे तसे कण दिसतात.

आतां गाळणीचें कार्य पाहूं. आपल्या समजुतीप्रमाणें नवी कोरी गाळणी सर्वांत उत्तम असावी. परंतु कापडी गाळणीच्या बाबतींत तसें नाहीं. कोऱ्या कापडाचीं छिद्रें मोठीं असतात व त्यांतून बारीक धूळ निसटते. कांहीं काळ काम झाल्यावर आंतल्या बाजूस धुळीचा पातळ थर बसतो, आणि तो थरच खरी गाळणी बनतो. मात्र तोच थर जाड झाला म्हणजे हवेची वाट अडते. पंखा पूर्वीप्रमाणेंच गुणगुणतो. पण करवतीजवळची ओढ क्षीण होते आणि धूळ पुनः कारागिराच्या तोंडाकडे वळते. गडचांदूरकडे उतरलें म्हणजे सिमेंटचे कारखाने लागतात. सिमेंटच्या कारखान्यांतून कापडी पिशव्यांच्या रांगा असतात व दाबलेल्या हवेच्या उलट्या झटक्यांनीं त्यांवरील जादा थर ठराविक वेळीं पाडला जातो. घरगुती गाळणीसही हाच न्याय लागू आहे: थर अगदीं नष्ट करूं नये, आणि वाढूंही देऊं नये.

थर किती झाला हें डोळ्यांनीं ठरवूं नये, मोजावें. इंग्रजी यू अक्षरासारखी वांकविलेली पारदर्शक नळी रंगीत पाण्यानें अर्धी भरावी. तिचें एक टोंक पंखा व गाळणी यांमधील भागास जोडावें, दुसरें उघडें ठेवावें. पंखा सुरू करतांच दोन्ही बाजूंच्या पाण्याच्या पातळींत फरक पडतो. गाळणी कामास लागून थोडे दिवस झाले म्हणजे त्या फरकाची खूण करावी. फरक सुमारें दुप्पट झाला, कीं सफाईची वेळ आली असें समजावें. तो एकाएकीं उतरला, तर पिशवी फाटली काय, हें प्रथम पाहावें.

सफाई करतांना यंत्र बंद करून पिशवी बाहेरून हातानें हलकेच थोपटावी. धूळ खालच्या पिशवींत बसूं द्यावी, आणि मगच ती पिशवी उघड्यावर, वाऱ्याकडे पाठ करून रिकामी करावी. खालची पिशवी तुडुंब भरूं देऊं नये. चुण्यांच्या कागदी गाळणीस स्वच्छ बाजूनें मळक्या बाजूकडे, दुरून व मंद दाबानें हवा द्यावी. ती जमिनीवर आपटूं नये, आणि बनविणाऱ्याची सूचना असल्यावांचून धुऊं नये. कापडी पिशवी धुतल्यास नवा थर बसेपर्यंत ती बारीक धूळ सोडते, हें स्मरणांत असावें. सफाईच्या वेळीं तोंडावर दुपट्टा बांधणें पुरेसें नाहीं. नाकाशीं घट्ट बसणारा एन-95 मुखवटाच हवा. गाळणीपूर्वी चक्राकार हवेचें भांडें बसविलें, तर ढलप्या व जाड भुसा तेथेंच पडतो व गाळणीचें आयुष्य वाढतें.

पावसाळ्यांत ओली धूळ कापडास चिकटते व बुरशी धरते. म्हणून काम संपतांच पिशवी रिकामी करून कोरडी ठेवावी. लोखंड घासण्याचें यंत्र या नळीस कदापि जोडूं नये. एक ठिणगी भुशांत तासन् तास धुमसूं शकते.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कित्येकांच्या घरीं करवत चालते. रंध्याच्या पात्यास धार लावणें जसें कामाचा भाग मानलें जातें, तसेंच गाळणी पाहणेंही मानलें जावें. बोथट पातें लगेच कुरकुरतें. तुंबलेली गाळणी मात्र तक्रार करीत नाहीं. म्हणून तिच्याकडे आपण होऊन आठवड्यांतून एकदां पाहणें, हें घरांतील जाणत्या मुलामुलींचें काम असावें, असें आम्ही सुचवितों.